पहिल्या फेरीचा मान आणि रोजच्या फेरीचे व्रत
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



कोकणातील दळणवळणाविषयी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा आपल्या चिटणीसांनी आम्हांस केली. विषय मोठा, वेळ थोडा, आणि पुढे मुलांचा बक्षीससमारंभ व्हायचा आहे. तेव्हा सगळे न सांगता सिंधुदुर्ग जिल्ह्यातील चिपी येथील विमानतळ, तेथून निघालेले पहिल्या दिवसाचे विमान आणि त्यापासून आपण घ्यावयाचा बोध, एवढ्यापुरतेच बोलतो.

आपले वाडवडील मुंबईस आले ते बोटीने. भाऊच्या धक्क्यावर ट्रंक आणि वळकटी घेऊन चढायचे, रात्र डेकवर काढायची, आणि मालवण किंवा वेंगुर्ले आले की खोल पाण्यात उभ्या राहिलेल्या बोटीवरून पडावात उतरायचे. लाट उंच असली तर खलाशी लेकरांना हातोहात झेलून घेत. पावसाळ्यात ही वाहतूक बंद. मग गाव आणि मुंबई यांच्यामध्ये चार महिन्यांची भिंत उभी राही. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या दिवसाची आठवण कित्येक घरांतून पुढे दोन पिढ्या निघत असे. नंतर एस.टी. आली, घाटवळणांची रात्र आली. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गावर गाडी धावू लागली. रोहे ते ठोकूर सुमारे ७४० किलोमीटरचा हा मार्ग डोंगर फोडून आणि खाड्यांवर पूल बांधून झाला, तेव्हा गाव एका रात्रीच्या अंतरावर आले. ह्या प्रत्येक पायरीसाठी कुणीतरी वर्षानुवर्षे खेटे घातले आहेत. प्राध्यापक मधु दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांचे नाव कोकणी माणसाने रेल्वेच्या डब्यात बसताना तरी घ्यावे.

विमान ही त्यापुढची पायरी. २०१६ साली केंद्र सरकारने 'उडान' ही योजना काढली. तिचे तत्त्व साधे आहे. लहान गावच्या विमानात साधारण निम्म्या आसनांचे भाडे ठरावीक मर्यादेत ठेवावयाचे, आणि त्यामुळे कंपनीस येणारी तूट तीन वर्षेपर्यंत भरून द्यावयाची. एप्रिल २०१७ मध्ये सिमला ते दिल्ली हे ह्या योजनेतील पहिले विमान उडाले. चिपीची पाळी ९ ऑक्टोबर २०२१ रोजी, नवरात्राच्या दिवसांत आली. वेंगुर्ले तालुक्यातील परुळ्याजवळच्या जांभ्या दगडाच्या सड्यावर अडीच हजार मीटरांची धावपट्टी झाली होती. ज्या सड्यावर पावसाळ्यात गुरे चरत आणि उन्हाळ्यात वाळक्या गवतावाचून काही नसे, तेथे त्या दिवशी मांडव आणि पताका होत्या.

त्याच दिवशी चिपीहून मुंबईस परतणाऱ्या विमानात बसण्याचा योग आम्हांस आला. बरोबर आमच्या आत्याबाई होत्या. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे, डोळ्यांत मोतीबिंदू, आणि शस्त्रक्रियेची तारीख मुंबईच्या डॉक्टरांनी दिलेली. रेल्वेचा रात्रभराचा प्रवास त्यांना सोसत नव्हता. म्हणून आम्ही विमानाची हौस केली नव्हती, गरज केली होती. तिकीट सुमारे अडीच हजार रुपयांचे पडले. आत्याबाईंच्या बोचक्यात कुळथाचे पीठ, आमसुले, तांदूळ आणि घरचे सुके खोबरे होते. खोबऱ्यात तेल असते, ते पेट घेऊ शकते, म्हणून विमानात चालत नाही, असे तेथल्या मुलीने नम्रपणे सांगितले. आत्याबाईंनी क्षणभर विचार केला आणि ते सगळे खोबरे पोचवायला आलेल्या वाडीतल्या पोरांच्या हाती देऊन टाकले. पोरांनी ते तेथेच खाण्यास आरंभ केला.

ह्या विमानाविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. ते दोन पंख्यांचे, सत्तर आसनांचे, एटीआर जातीचे विमान. त्यात वरचा वर्ग नाही. सगळी आसने इकॉनॉमीची, मधल्या वाटेच्या दोन बाजूंस दोन-दोन. सगळ्यांनी मागल्या दाराने, त्याच चार पायऱ्यांनी चढावयाचे. कापडाचा व्यापारी, माशांच्या धंद्यातला, शाळामास्तर आणि आमच्या आत्याबाई अशी एकच रांग होती, आणि साथीचे दिवस असल्यामुळे प्रत्येकाच्या तोंडास मुखपट्टी. पुढारी कोण आणि पाठचा कोण, हे ओळखू येत नव्हते. आसन अरुंद खरे, गुडघे पुढल्या आसनास टेकतात हेही खरे. पण पंख वरच्या अंगास असल्यामुळे खिडकीतून खालची भूमी मोकळी दिसते. डाव्या हातास कर्लीची खाडी, देवबागची वाळूची पट्टी, मग मालवण, आणि पाण्यात उभा असलेला शिवछत्रपतींचा सिंधुदुर्ग. आत्याबाईंना मोतीबिंदूमुळे ते नीट दिसले नाही. आम्ही सांगत गेलो आणि त्या हात जोडत गेल्या. दीड तासाच्या आत चाके टेकली तेव्हा त्या म्हणाल्या, "झिला, इतक्यात मुंबय इली?" ज्या बाईने लग्नानंतर पहिल्यांदा मुंबई गाठली ती बोटीवर रात्र काढून, तिचा हा प्रश्न होता.

बंधुभगिनींनो, येथपर्यंत आनंदाची गोष्ट झाली. पुढली गोष्टही ऐकली पाहिजे. तीन वर्षांची मुदत भरली, आणि २०२४ साली मुंबई-चिपी ही फेरी बंद पडली. धावपट्टी जागेवर राहिली, इमारत जागेवर राहिली. परंतु ज्या म्हाताऱ्या माणसाला डॉक्टरची तारीख गाठायची, त्याच्यापुरते गाव पुन्हा एका रात्रीवर गेले. फेरी पुन्हा सुरू व्हावी म्हणून मागण्या झाल्या, अर्ज गेले. ते योग्यच झाले. परंतु मागणी करताना हिशेबही समजून घेतला पाहिजे.

विमानाचा खर्च आसन भरले काय आणि रिकामे राहिले काय, जवळजवळ तेवढाच. कोकणची गर्दी चतुर्थीला, शिमग्याला आणि मे महिन्यात. त्या दिवसांत कुठलेही वाहन भरते. परंतु भाद्रपदाच्या भरल्या विमानावर आषाढातले विमान चालत नाही. कोकणात पावसाळ्यात ढग धावपट्टीवर उतरतात, तेव्हा फेऱ्या रद्द होण्याचा धोका अधिक; तो खर्च वेगळाच. पहिल्या फेरीस फुले मिळतात, तिचा फोटो निघतो. शंभराव्या फेरीस फक्त उतारू लागतात. देऊळ बांधणारे पुष्कळ भेटतात, रोज सांजवात लावणारा एकच मिळाला तरी देवळाचे भाग्य, हे आपल्या गावात कुणास सांगावयास नको.

मग मंडळाने काय करावे? विमान चालविणे आपल्या हातचे नाही. पण तीन गोष्टी आहेत. पहिली, प्रत्येक कुटुंबाने गावच्या घराचे कुलूप वर्षातून दोनदा तरी, सणावाचून, उघडावे. ज्या गावात माणूस जात नाही त्या गावास वाहन कोण देणार? दुसरी, गावी एकटे राहणाऱ्या वृद्धांची यादी मंडळाने करावी. ज्यांना औषधोपचारासाठी मुंबईस यावे लागते, त्यांना स्टेशनवर, धक्क्यावर किंवा विमानतळावर उतरवून घेण्यासाठी एक तरुण नेमावा. तिकीट परवडले तरी पुष्कळ वेळा सोबतीचा अभाव प्रवास अडवितो. तिसरी, आपल्या मुलामुलींनी विमानात केवळ बसावे असे नव्हे, तर विमान दुरुस्त करणे, त्याचे वेळापत्रक आखणे, धावपट्टी राखणे ही कामे शिकावीत. मंडळाच्या शिष्यवृत्तीचा एक भाग ह्या शिक्षणाकडे वळविला, तर तो वाया जाणार नाही.

आत्याबाईंची शस्त्रक्रिया झाली, दृष्टी आली. त्यानंतर त्या गावी परत गेल्या, आणि आजही अंगणात उभ्या राहून सड्याकडे पाहतात. आपले मंडळ हे पहिल्या दिवसाच्या पताकांचे मंडळ न होता रोजच्या फेरीचे व्रत घेतलेले मंडळ व्हावे, एवढी प्रार्थना करतो.