भिंतीवरचा ठिपका
(स्नेहसंमेलनात केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी विषय ठरवूनच टाकला होता. तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर आर्टिफिशियल इंटेलिजन्सवर बोल. मी म्हटलं, ते तर सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर रोज येतं, मी एका चित्रकाराबद्दल बोलते. पलीकडून विचारलं गेलं, "तू आणि चित्रकला?" प्रश्न रास्त होता. एलिमेंटरीला मला 'सी' ग्रेड मिळाली होती, आणि ती देणारे मायाळू होते हे इथले ड्रॉइंगचे सर अजूनही सांगतील.

पण हा चित्रकार आपला शेजारी आहे. सय्यद हैदर रझा. गोंदियाहून बालाघाटमार्गे जबलपूरला जाणारी आपली छोटी लाईन आठवते ना? तिच्यावर नैनपूर जंक्शन, आणि तिथून मंडला फोर्टला फाटा. त्या मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावी २२ फेब्रुवारी १९२२ रोजी रझांचा जन्म झाला. वडील जंगल खात्यात, डेप्युटी रेंजर. म्हणजे बालपण नर्मदेच्या खोऱ्यात, साल-सागाच्या रानात.

निसर्गचित्रकार म्हटलं की आपल्याला वाटतं, लहानपणी फुलपाखरांमागे धावला असेल. रझांना पहिल्यांदा आठवायची ती भीती. रात्रीच्या जंगलाची. मिट्ट काळोख, त्यातले आवाज, आणि माणसांचा आधार वाटावा असं एकच, गोंडांचे नाच. सकाळ झाली की जीव भांड्यात पडायचा, आणि बाजाराच्या दिवशी उन्हात सगळं गाव रंगांनी भरून जायचं. मग पुन्हा रात्र. नवेगाव-नागझिऱ्याच्या बाजूच्या गावांतून शाळेत येणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. रझांच्या चित्रांत काळा रंग इतका का, आणि सगळे रंग काळ्यातून निघतात असं ते का म्हणत, याचं उत्तर मला तरी त्या रात्रींत दिसतं.

आता शाळेची गोष्ट. ककैयाच्या प्राथमिक शाळेत या मुलाचं लक्ष लागेना. हेडमास्तर नंदलाल झारिया यांनी त्याला एक दिवस व्हरांड्यात बसवलं, भिंतीवर एक ठिपका काढला आणि सांगितलं, बाकी सगळं विसर, याच्याकडे बघ. बस्स, एवढंच.

ही गोष्ट मी दोन वर्षांपूर्वी वाचली तेव्हा माझ्या मुलाच्या शाळेतून आम्हाला वर्षात तिसऱ्यांदा बोलावणं आलं होतं. अकरा वर्षांचा आहे. एका जागी बसत नाही, खिडकीबाहेर बघतो. प्रत्येक वेळी टेबलावर छापील तक्ता असायचा, वर्तनाला पैकीच्या पैकी गुण असलेला, आणि आमच्या चिरंजिवांचे रकाने लाल. तो खिडकीबाहेर काय बघतो, हे तिन्ही वेळा कोणी विचारलं नाही. म्हणून झारिया मास्तर माझ्या मनात रुतून बसले. त्यांच्याकडे तक्ता नव्हता, एक भिंत होती.

पण गोष्ट इथे फार गोड होते, आणि मला त्याचाच राग येतो. मास्तरांनी ठिपका काढला आणि मुलगा 'बिंदू'चा जगप्रसिद्ध चित्रकार झाला, असं सगळीकडे दोन ओळींत सांगतात. कॅलेंडर बघा, मित्रहो! बिंदू त्यांच्या चित्रांत मध्यवर्ती झाला तो १९८०च्या सुमाराला. मधे जवळजवळ पन्नास वर्षं आहेत.

त्या पन्नास वर्षांत काय झालं? दमोहला हायस्कूल. मग १९३९ ते ४३ नागपूरच्या चित्रकला शाळेत. मग मुंबई, जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. पोटासाठी ब्लॉक बनवणाऱ्या स्टुडिओत नोकरी. १९४७ साली सूझा, हुसेन, आरा, बाकरे आणि आपल्या विदर्भातले गाडे यांच्याबरोबर प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप. फाळणीनंतर भावंडं पाकिस्तानात गेली, पहिली पत्नीही गेली. रझा राहिले. आई-वडील त्याच एक-दोन वर्षांत वारले. वडिलांची कबर मंडल्याला.

१९४८ साली ते काश्मीरला निसर्गचित्रं करायला गेले. तिथे फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ भेटले. त्यांनी चित्रं पाहिली आणि सांगितलं, हात चांगला आहे, पण चित्रांत बांधकाम नाही, चित्र घरासारखं उभारावं लागतं, पाया, भिंती, तुळया, छप्पर, सेझान अभ्यासा. माझ्या धंद्यात याला कोड रिव्ह्यू म्हणतात. चांगला रिव्ह्यू ऐकून घेणारे थोडे, त्यापायी देश बदलणारे तर मी पाहिलेले नाहीत. रझा फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळवून १९५० साली पॅरिसला गेले. १९५६ साली तिथला समीक्षकांचा पुरस्कार मिळाला, फ्रेंच नसलेल्या चित्रकाराला पहिल्यांदाच. तिथेच जानिन माँजिला या चित्रकर्तीशी लग्न झालं.

१९६२ साली बर्कलेला शिकवायला गेले असता त्यांनी अमेरिकन चित्रकारांचं, विशेषतः रॉथकोचं काम पाहिलं आणि हात सैल सुटला. मग सत्तरीच्या दशकातली चित्रं आली: 'जमीन', 'तपोवन', 'राजस्थान', आणि फ्रेंचमध्ये मातीचंच नाव असलेली 'ला तेर'. झाड नाही, घर नाही, क्षितिज नाही. काळोखात पेटलेले लाल-पिवळे पट्टे. पॅरिसमध्ये बसून माणूस मंडल्याची रात्र काढतोय, असं मला वाटतं. मला विचाराल तर हेच रझा सगळ्यात मोठे. नंतरचे कित्येक बिंदू कंपासपेटी घेऊन काढल्यासारखे वाटतात. काम नेमकं, पण भीती संपलेली. बाजारात मात्र त्यांनाही भाव आला. १९८३च्या 'सौराष्ट्र'ला २०१० साली लिलावात सोळा कोटींच्या वर किंमत आली, पण त्या चित्रात अजून माती आहे, म्हणून माझी तक्रार नाही.

अपवाद एक, १९८१चं 'माँ'. काळा बिंदू, भोवती तापलेले रंग, आणि खाली देवनागरीत अशोक वाजपेयींच्या कवितेची ओळ: आईकडे परतताना काय आणीन, अशा अर्थाची. इथे बसलेल्यांपैकी निम्मे पुण्या-बेंगळुरूत आणि काही न्यू जर्सीत आहेत. मी अकरा वर्षं बाहेर काढून परतले, तेव्हा ते चित्र मला समीक्षकाकडून समजून घ्यावं लागलं नाही. रझा साठ वर्षं फ्रान्समध्ये राहिले, पासपोर्ट भारताचाच ठेवला. जानिन २००२ साली गेल्या. २०१०च्या शेवटी ते दिल्लीत परतले आणि नव्वदी उलटल्यावरही चित्रं काढत राहिले. २३ जुलै २०१६ला गेले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्याला, वडिलांच्या शेजारी त्यांना दफन केलं.

माझ्या मुलाला मी ठिपक्यासमोर बसवून पाहिलं का, असं मधल्या सुट्टीत एका बाईंनी विचारलं. नाही, बसवलं नाही. मी फक्त एके दिवशी त्याच्या शेजारी त्याच्या खिडकीशी बसले. समोर मजुरांनी बांधलेल्या पहाडावर, म्हणजे बांबूच्या परांचीवर, कोतवाल पक्ष्याची जोडी होती. शेपटी दुभंगलेली असते हे मला त्याने सांगितलं. ती जोडी महिनाभर येत होती, म्हणाला.

छोटी लाईन गेली, आता मोठी आली आहे. दिवाळीनंतर आम्ही दोघं मंडल्याला जाऊन येणार आहोत. कोणाला यायचं असेल तर जेवणानंतर मला गाठा, तिकिटं एकदमच काढू.