वाकस आणि बैलाचा खांदा

मंडळी, आज सुताराच्या वाकसाविषयी चार गोष्टी सांगतो. बैलवाल्यांनीही त्या ऐकाव्यात.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण खांदेमळणी करतो. हळद-तुपाने बैलाचा खांदा चोळतो. पण कामाच्या दिवसांत त्याच खांद्यावर जू असते. जुवाला कंगोरा राहिला, तर तो रोज घासतो. कातडी सोलते, सूज येते, जखम होते. मग ऐन पेरणीत बैल बसून राहतो. एका दिवसाच्या हळदीने ते कसे भरून निघणार? म्हणून मानेवर बसणारा जुवाचा भाग गोल आणि गुळगुळीत हवा. तो तासायचा वाकसाने.

कुऱ्हाडीचे पाते दांड्याच्या रेघेत उभे असते. वाकसाचे आडवे असते, कुदळीसारखे. धारेचा उतार आतल्या अंगाला, म्हणजे दांड्याकडे असतो. धार लावताना दगडावर पाणी टाका आणि तो उतारच घासा. घासता घासता बाहेरच्या कडेला बोटाला खरखर लागेल. ती एक-दोन हलक्या हातांनी काढा, बस्स. बाहेरूनही उतार पाडलात, तर पाते लाकडात शिरत नाही, वरून घसरते.

आता दांडा. उन्हाळ्यात तो सुकून ढिला होतो. कितीतरी जण वाकस पाण्यात बुडवून ठेवतात. लाकूड फुगते, दांडा घट्ट वाटतो. पण लोखंडाच्या भोकात फुगलेले लाकूड चेपले जाते, आणि चेपलेले पुन्हा पुरते उसळत नाही. वाळल्यावर दांडा आधीपेक्षा ढिला! निसटलेले पाते कुणाच्या पायावर पडेल, सांगता येत नाही. तेव्हा कोरड्या लाकडाची पाचर ठोका. रोज काम सुरू करण्याआधी पाते हलवून बघा.

तासताना लाकूड ठोकळ्यावर भक्कम टेकवा आणि खुंटीने अडवा. पाय पात्याच्या वाटेत नको. मोठे घाव घालू नका, पातळ ढलप्या काढा.

खोलगट भाग असेल, तर दोन्ही टोकांकडून तळाकडे उतरत या. तळाशी थांबा. तसेच पुढे चढलात, तर पाते लाकडाच्या धाग्यांत शिरते आणि लांब चीर निघते. फुगीर भागावर माथ्यापासून दोन्ही बाजूंना उतरा. लक्षात ठेवायचे एवढेच : वाकस उताराने चालवावा, चढाने नाही.

शेवटी काचेच्या तुकड्याने खरवडा. मग डोळे मिटून तळहात फिरवा. जिथे हाताला टोचते, तिथे बैलाच्या मानेला टोचणार. हात कुठेही न अडता फिरला, की जू बैलाच्या खांद्यावर ठेवा.