हृदयाभोवतीचं पाणी



मला कॉम्प्युटरवर बोलायला सांगितलं होतं. पण मी अण्णांच्या आजारपणाबद्दल बोलणार आहे, कारण आपल्यातल्या बहुतेकांचे आई-वडील आता सत्तरीच्या घरात आहेत आणि इकडे गावीच राहतात.

दोन वर्षांपूर्वी अण्णांना संध्याकाळी कसर यायची, भूक गेली होती, छातीत दुखायचं. एका दवाखान्यात अॅसिडिटीच्या गोळ्या मिळाल्या. दुसरीकडे थुंकी तपासली, टीबी निघाला नाही, सगळे निर्धास्त. मी पुण्याहून फोनवर ‘गोळी घेतली का’ एवढंच विचारायचे. दिवाळीला आले तेव्हा पाहिलं, अण्णा आडवे होतच नव्हते. रात्रभर गादीच्या वळकटीवर पुढे वाकून बसलेले. “असं बसलं की कमी दुखतं,” म्हणाले. मानेच्या शिरा फुगलेल्या, पायांवर सूज.

नांदेडच्या डॉक्टरांनी हे वाकून बसणं ऐकलं आणि लगेच टू-डी इको करायला लावला. हृदयाभोवती दुपदरी पिशवी असते, तिच्यात पाणी भरलं होतं. हळूहळू साठलं तर पिशवी ताणत जाते, लिटरभरही मावतं. झपाट्याने साठलं तर दीड-दोनशे मिलिलिटरनेही हृदय दबतं. रक्तदाब उतरला, मानेच्या शिरा फुगल्या आणि ठोके दबके ऐकू आले, तर एक तासही घालवायचा नाही. अण्णांचं पाणी सुईने काढलं. साध्या जंतूंचा पू झाला तर बहुधा थंडी वाजून मोठा ताप येतो, माणूस काही दिवसांतच खालावतो. अण्णांचं महिनाभर रेंगाळलेलं. आपल्याकडे अशा वेळी पहिला संशय क्षयाचाच.

पण त्या पाण्याची सीबीनॅट तपासणीही निगेटिव्ह आली! मी हुश्श केलं. डॉक्टर म्हणाले, “यात जंतू फार थोडे असतात, सापडतीलच असं नाही. एडीए वाढलंय, बाकी लक्षणंही जुळतात. सहा महिन्यांचं औषध सुरू करू.” टेस्ट पास झाली म्हणजे प्रोग्रॅममध्ये चूक नाही असं नसतं, हे मी ऑफिसातल्या नव्या पोरांना रोज सांगते. घरी मात्र विसरले होते.

सर, तुम्ही फळ्यावर लाल-निळ्या खडूने काढलेलं हृदय माझ्या दहावीच्या वहीत अजून आहे. परवा अण्णांना दाखवलं. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ पाहिलं. “याची पिशवी कुठंय?” म्हणाले, आणि पेन्सिलीने बाहेरून एक रेघ ओढली.