मुलांच्या प्राथमिक शिक्षणाची निवड
(महोत्सवानिमित्त भरलेल्या पालकांच्या सभेंतील भाषण)



महोत्सवाच्या या मंगल समयीं गतकालाचें स्मरण करणें जितकें उचित, तितकेंच उद्यांच्या पिढीची चिंता वाहणें अगत्याचें आहे. लेंकरूं शाळेंत घालण्याची वेळ आली म्हणजे आईबाप आम्हांस विचारतात, "फादर, राष्ट्रीय अभ्यासक्रम बरा कीं आंतरराष्ट्रीय?" या प्रश्नाचा आज विचार करूं.

इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट ही संस्था १९६८ सालीं जिनेव्हा येथें स्थापन झाली. तिचा प्राथमिक क्रम १९९७ सालीं सुरू झाला असून तो ३ ते १२ वर्षांच्या बालकांसाठीं आहे. मुलानें प्रश्न विचारावे व उत्तर स्वतः शोधावें, ही त्याची रीति होय. केंब्रिजचा प्राथमिक क्रम ५ ते ११ वर्षांच्या मुलांसाठीं आहे. ज्या कुटुंबास नोकरीनिमित्त देशोदेशीं फिरावें लागतें, त्यास हे क्रम सोयीचे आहेत, हें आम्ही नाकारीत नाहीं. तथापि आखाती देशांतही सी. बी. एस. ई. च्या शाळा आहेत, हें ध्यानांत असावें.

राष्ट्रीय म्हणजे घोकंपट्टी व आंतरराष्ट्रीय म्हणजे हसतखेळत शिक्षण, हा समज यथार्थ नव्हे. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्यांतही ३ ते ८ वर्षांच्या मुलांस खेळ, गोष्टी व गाणीं यांच्या द्वारें, शक्य तों मातृभाषेंतून शिकवावें, असेंच सांगितलें आहे. मात्र एका शिक्षकाच्या हातीं फार मुलें असलीं, तर उत्तम क्रमही कागदावरच राहतो. म्हणून पाटीवरील नांवावर न भुलतां प्रत्यक्ष वर्ग पाहावा.

निवडीपूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या. कुटुंब पुढें कोठें राहणार? सर्व मुलांची, सर्व वर्षांची फी कर्जावांचून झेपेल काय? आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची: मुलाची घरची भाषा टिकेल काय? २०२० च्या कायद्यानें आपल्या महाराष्ट्रांत सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची केली आहे. परंतु तासापुरती शिकलेली भाषा जिव्हाळ्याची होत नाहीं. फादर थॉमस स्टीफन्स जन्मानें इंग्रज. तरी त्यांनीं आपल्या भाषेंत ख्रिस्तपुराण रचलें व तें १६१६ सालीं छापलें गेलें. परक्यानें जिचा एवढा मान केला, ती आपल्याच अंगणांत परकी व्हावी काय? आजीची प्रार्थना नातवास कळेनाशी झाली, तर त्या शाळेची फी आपण दुप्पट भरली म्हणावयाचें!

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनें १९६५ सालीं आईबाप हेच मुलांचे आद्य शिक्षक होत, असें सांगितलें. तेव्हां शाळा कोणतीही निवडा. पण दिवेलागणीनंतर अर्धा तास मुलाजवळ बसा आणि तें दिवसभरांत काय शिकलें, तें त्याच्याकडून मराठींत ऐका. ज्या शाळेच्या जाण्यायेण्यांत वा फीच्या विवंचनेंत हा अर्धा तास हरपतो, ती कितीही नामांकित असो, आपल्या मुलासाठीं नव्हे.

प्रभु आपणां सर्वांस सुबुद्धि देवो.