पितरपाटातली सहल

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडं द्या. आज शेळ्यांच्या लसीचं सांगणार नाही, कर्जाच्या हप्त्याचंही नाही. आम्ही गटातल्या बाया एक दिवस नुसत्या फिरायला गेलो होतो, त्याचं सांगतोय.

आपण बायका घराबाहेर पडतो कधी? तुळजापूरला आईच्या दर्शनाला, पाहुण्यांच्या लग्नाला, नाही तर सोलापूरला दवाखान्यात. प्रत्येक वेळी सांगायला कारण असतं. या वेळी कारण नव्हतं, म्हणून तर घराघरात वादळ उठलं. गौरी जेवून गेल्या होत्या, उडीद-मूग घरात आले होते, सोयाबीन अजून हिरवं उभं होतं. वर्षात असे आठ-दहा दिवसच मोकळे मिळतात. पण नेमका पितरपाट. "पितरपाटात कुठं निघालात गं?" असं अर्ध्या गावानं विचारलं. आमच्यातल्या थोरल्या आक्का म्हणाल्या, "पितरांना जेवायला घालूनच निघालोय. त्यांची काही तक्रार नाही."

पैशाचं आधी सांगतो, कारण पहिला प्रश्न तोच येतो. गटाच्या बचतीला हात लावला नाही. ती कर्जासाठी असते. आम्ही दर आठवड्याला वीस रुपये वेगळ्या डब्यात टाकले, संक्रांतीपासून. एसटीत २०२३ च्या मार्चपासून बायांना अर्धं तिकीट आहे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर फुकट. आक्कांनी आधारकार्ड दाखवलं, कंडक्टरनं शून्य रुपयाचं तिकीट फाडून दिलं. ते त्यांनी अजून देवघरात ठेवलंय.

नऊ जणींचं ठरलं होतं. फाट्यावर आठच जणी आल्या. नववीची पोरगी पळत निरोप घेऊन आली, "आईला येता येत नाही. बाबा रात्री लई पिऊन आले होते." पोरीच्या हातात आईनं आमच्यासाठी केलेल्या धपाट्यांचा डबा होता. म्हणजे बाई पहाटे उठून तयार झाली होती. एसटी आली, आम्ही चढलो. तुळजापूर येईपर्यंत कुणी फार बोललं नाही.

नळदुर्ग आपल्यापैकी कितीजणींनी पाहिलाय? हैदराबादच्या रस्त्यानं जाताना खिडकीतून तटबंदी दिसते, तेवढीच बहुतेकींना माहीत. आत शिरलं की कळतं केवढा पसारा आहे. एकशे चौदा बुरूज आहेत म्हणतात. आम्ही मोजले नाहीत, पाय मोजून दमले. उपळ्या बुरजावर मात्र सगळ्या चढलो, आक्कासुद्धा, मध्ये तीनदा बसून. वर तोफा आहेत आणि चहूकडं मुलूख दिसतो. एकीनं तिथून आपलं गाव शोधायचा फार प्रयत्न केला. ते दिसत नाही.

खरी गंमत पाणीमहालात. बोरी नदीला किल्ल्यातच बांध घातलाय, दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली. त्या बांधाच्या पोटात खोल्या काढल्यात. नदीला पाणी असलं की बांधावरून दोन धारा कोसळतात, एक नर आणि एक मादी. आपण दोन्हींच्या मध्ये, भिंतीच्या आत उभ्या! खिडकीसमोरून पाणी पडतंय, तोंडावर तुषार येतात, आवाजानं शेजारचीचं बोलणं ऐकू येत नाही आणि खोली मात्र कोरडी. ज्यांनी हे बांधलं त्यांना पाण्याची नस सापडली होती. आमच्या पंचायतीच्या टाकीला सापडली असती तर बरं झालं असतं, असं आमच्यातली एक म्हणाली. तिथं आम्ही तासभर नुसत्या बसलो. डबा उघडला, धपाटे, दही, शेंगाची चटणी. आवाज एवढा होता की एक जण मनसोक्त रडून घेतली तरी कुणाला कळलं नाही. तिनंच नंतर सांगितलं.

नळदुर्गच्या खंडोबाचंही ऐकून ठेवा. अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांत देव एकच आहे. वर्षातले सव्वादहा महिने तो अणदूरला राहतो, पावणेदोन महिने नळदुर्गला, आणि तसा करार दोन्ही गावांत होतो. आम्ही हसलो. देव पावणेदोन महिने जागा बदलतो आणि आमच्या एका दिवसाला घरोघरी पंचायत बसते.

एक वेळचं जेवण विकतचं खायचं, हे पहिल्यापासून ठरलं होतं. त्यात सगळ्यांनाच परसाकडं जायचं होतं आणि वाटेत सोय कुठंच नव्हती. महामार्गावर एक हॉटेल दिसलं. पाटीवर खाली "फॅमिली" लिहिलेलं, वर मोठ्या अक्षरात "परमिट रूम आणि बार". सगळ्या थबकल्या. आमच्यातल्या एकीचा भाऊ दारूनं गेलाय. ती म्हणाली, "मी त्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही," आणि लिंबाखाली बसली. दोघी तिच्याजवळ थांबल्या. बाकीच्या पाच जणी आत गेलो.

मॅनेजर गोंधळला. "सोबत कुणी आहे का?" असं विचारलं. आक्का म्हणाल्या, "आम्हीच आहोत की सोबत." मग पडद्याआड टेबल मिळालं. मोरी स्वच्छ होती, कडी होती, पाणी होतं. हे कळल्यावर बाहेरच्या तिघी आल्या. जिचा भाऊ गेला ती पण आली, मोरीला जाऊन आली आणि परत लिंबाखाली जाऊन बसली. तिचं ताट आम्ही बाहेर नेऊन दिलं. तिला कुणी समजवायला गेलं नाही, ते बरंच झालं.

शेवभाजी, रोटी, कांदा. चव बरी, तेल जास्त. पण बायांनो, आपण बसलोय आणि एक बाप्या येऊन विचारतोय, "ताई, आणखी काय आणू?" हे आमच्यातल्या चौघींना जन्मात पहिल्यांदा घडलं. एकीनं तर भूक नसताना पापड मागवला, नुसतं आणायला लावायचं म्हणून.

पडद्याच्या फटीतून पलीकडची बाजू दिसत होती. आम्हाला वाटलं होतं तिथं काही तरी भलतं असेल. तसं काहीच नव्हतं. आपल्याच घरातल्यासारखी माणसं, मळक्या शर्टातली, खाली मान घालून पीत होती. दोघांचं बिल झालं ते आमच्या आठ जणींच्या जेवणापेक्षा जास्त होतं. आमच्यातल्या हिशोबनिशीनं ते ऐकलं आणि बोटांवर मोजायला लागली, किती दिवसांची खुरपणी ती.

एसटीची वाट बघताना बोलणं तिथंच फिरत राहिलं. परवान्याचं दुकान गावात असेल तर कायद्यात वाट आहे. मतदार यादीतल्या पंचवीस टक्के बायांनी सह्या करून मागणी केली की गुप्त मतदान होतं, उभी बाटली की आडवी. आडवी जिंकायला यादीतल्या एकूण बायांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात. नुसत्या मतदानाला आलेल्यांच्या निम्मी नव्हेत, म्हणून परगावी गेलेल्या सुनांनाही बोलवावं लागतं. आमच्या गावात परवान्याचं दुकानच नाही. येते ती चोरून, पिशवीतून. तिथं बाटली उभी न् आडवी करून भागत नाही. त्याचं काय करायचं, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.

दिवेलागणीला घरी पोहोचलो. दोन घरांत नवऱ्यांनी खिचडी केली होती, एका घरात चूल पेटलीच नव्हती. पितळी आपटण्याचा आवाज आम्ही तिघींनी रस्त्यावरून ऐकला.

दुसऱ्या दिवशी नववीचा डबा परत द्यायला गेलो. डब्यात पाणीमहालाजवळचे दोन गोल गोटे घातले होते, तिच्या पोरीसाठी. तिचे पैसे परत देऊ लागलो तर ती म्हणाली, "राहू द्या डब्यातच." मार्गशीर्षात तेरला जायचं ठरलंय, गोरोबाकाकांच्या गावाला. तिथं विटांचं जुनं त्रिविक्रमाचं देऊळ आहे आणि एक वस्तुसंग्रहालयही आहे. कधीकाळी तिथला माल पार रोमपर्यंत जात होता म्हणतात. या खेपेला आदल्या रात्री नववीनं आक्कांच्या घरी झोपायला यायचं, असं ठरलंय. तिच्या पोरीलाही बरोबर आणायला सांगितलंय.