गालिच्याची लव आणि यंत्राची उंची

ज्या देशांत जमिनीवर गालिचा अंथरणें ही हौस नसून नित्याची रीत आहे, त्या देशांत केर काढण्याच्या साध्या कामालाहि एका लहानशा शास्त्राचें रूप आलेलें आहे. अमेरिकेंतील मोठ्या हॉटेलांत, कचेऱ्यांत व विमानतळांवर भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा पसरलेला असतो. तो उचलून अंगणांत झटकतां येत नाहीं. जागच्या जागींच त्यांतील धूळ काढावी लागते. या कामीं जें उभ्या दांड्याचें व्हॅक्यूम क्लीनर यंत्र वापरतात, त्याच्या एकाच भागाचा विचार येथें करावयाचा आहे. तो भाग म्हणजे यंत्राच्या तोंडाची उंची कमीजास्त करण्याची योजना. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु एखाद्या हॉटेलचा व्यवस्थापक जेव्हां अशीं वीस-पंचवीस यंत्रें एकदम खरेदी करतो, तेव्हां गालिच्यांचें आयुष्य किती आणि तीं यंत्रें दिवसभर ढकलणाऱ्या स्त्रियांच्या मनगटांचे हाल किती, याचा निकाल पुष्कळ अंशीं या भागावर लागतो.

आरंभीं थोडा इतिहास पाहिला पाहिजे, कारण उंचीचा प्रश्न मुळांत कोठून उद्भवला हें त्यावरून कळतें. लंडन येथें ह्यूबर्ट सेसिल बूथ यानें १९०१ सालीं धूळ शोषून घेणारें यंत्र तयार केलें. तें घोड्यांच्या गाडीवर घालून घराच्या दाराशीं न्यावें लागे व त्याच्या लांबलचक नळ्या खिडक्यांतून आंत सोडीत. त्या यंत्रांत केवळ हवेचें ओढणें होतें. पुढें अमेरिकेंत ओहायो संस्थानांतील कॅन्टन गांवीं जेम्स मरे स्पँग्लर नांवाचा एक गृहस्थ मोठ्या दुकानांत झाडलोटीच्या नोकरीवर होता. त्याला दम्याचा विकार असल्यामुळें झाडतांना उडणारी धूळ सोसवेना. तेव्हां त्यानें विजेचा पंखा, पेटी, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा यांची जुळणी करून, पुढें फिरता ब्रश असलेलें एक यंत्र १९०७ सालीं उभें केलें. १९०८ सालीं त्याला पेटंट मिळालें, आणि त्याचे हक्क कातडी सामानाचा कारखाना चालविणाऱ्या विल्यम हूवर यांनीं विकत घेतले. आज घरोघर ज्यांचें नांव झालें आहे तें हें यंत्र एका झाडणाऱ्यानें स्वतःच्या छातीच्या दुखण्यापायीं काढलेलें आहे, ही गोष्ट खरेदी करणाऱ्या साहेबलोकांनीं नित्य ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

बूथचें यंत्र नुसतें ओढीत असे. स्पँग्लरचें यंत्र आधीं घासून मग ओढूं लागलें. १९२६ सालीं हूवर कंपनीनें ब्रशाच्या रुळावर गालिच्याला ठोकणाऱ्या पट्ट्याहि बसविल्या. आणि ज्या क्षणीं ब्रश गालिच्याला स्पर्श करूं लागला, त्याच क्षणीं तो किती खोल जावा हा प्रश्न जन्मास आला.

गालिच्याचा जो उभा, दाट केसाळ भाग असतो त्याला लव म्हणूं. वरवर दिसणारा कचरा लवेच्या शेंड्यांवर असतो. पण खरा शत्रु म्हणजे बुटांबरोबर आलेली बारीक रेती. ती लवेच्या बुडाशीं जाऊन बसते आणि माणसें वरून चालूं लागलीं म्हणजे तिचे कण धाग्यांना कानशीसारखे कापीत राहतात. ही रेती नुसत्या हवेनें वर येत नाहीं. ब्रशानें तिला हलवून वर उडवावी आणि वाहत्या हवेनें तिला पिशवींत न्यावी, असें हें जोडकाम आहे. यंत्राचें तोंड फार उंच राहिलें तर ब्रश लवेच्या शेंड्यांवरून नुसता हात फिरविल्यासारखा जातो. गालिचा स्वच्छ दिसतो, पण रेती तशीच राहते. तोंड फार खालीं गेलें तर ब्रशाचे केस लवेंत रुततात, मोटरीवर भार पडतो, रबरी पट्टा घसरूं लागतो व जळक्या रबराचा वास सुटतो, आणि धाग्यांचीं टोकें पिंजून गालिचा लौकर म्हातारा होतो. शिवाय तोंड गालिच्यावर चिकटून बसल्यामुळें हवेला आंत शिरायला वाटच राहत नाहीं. पुष्कळांची समजूत असते कीं यंत्र जितकें घट्ट चिकटेल तितकें तें अधिक ओढतें. ही समजूत चुकीची आहे. धूळ वाहून नेते ती चालती हवा. कोंडलेली हवा कांहींच नेत नाहीं.

आतां अडचण अशी कीं सगळे गालिचे एका उंचीचे नसतात. कचेरीतला गालिचा बहुधा आंखूड, वेटाळ्यांच्या विणीचा, खालीं गादी न घालतां थेट जमिनीला चिकटविलेला असतो. त्याची लव फार तर कांहीं मिलिमीटर. हॉटेलच्या निजण्याच्या खोलींत मात्र पाहुण्याला पायाखालीं मऊ लागावें म्हणून उंच, कापलेल्या लवेचा गालिचा खालीं गादी घालून बसवितात. तीच स्त्री तेंच यंत्र घेऊन सकाळीं ओसरीवजा लांब वाटेतून निघते, मग एकामागून एक दहा-पंधरा खोल्यांत शिरते, आणि प्रत्येक उंबऱ्याशीं तिच्या ब्रशाखालचें जग बदलतें.

यावर जुना व अजूनहि फार प्रचारांत असलेला उपाय म्हणजे हातानें फिरविण्याचें बटण किंवा पायानें दाबण्याची कळ. ती फिरविली कीं पुढचीं चाकें खालींवर होऊन तोंड एकेक पायरी उचललें किंवा उतरलें जातें. अशा पायऱ्या बहुधा चार ते सात असतात. या योजनेचा मोठा गुण तिच्या साधेपणांत आहे. बिघडली तर कोणताहि हुशार कारागीर ती दुरुस्त करूं शकतो, आणि ब्रश झिजून केस आंखूड झाले तर एक पायरी खालीं उतरवून कांहीं दिवस काम भागवितां येतें. दोष एवढाच, आणि तो लहान नव्हे, कीं ती कळ कोणी फिरवीत नाहीं. घड्याळाकडे पाहून खोल्या उरकणाऱ्या माणसाला दर उंबऱ्याशीं वांकून बटण फिरविण्यास सवड कोठली? यंत्र पहिल्या दिवशीं ज्या पायरीवर आलें, त्याच पायरीवर वर्षभर चालतें. म्हणून हातबटणापेक्षां पायकळ निःसंशय बरी. मात्र ती बुटाच्या टाचेचे घाव सोसण्याइतकी मजबूत असली पाहिजे. बटणाजवळ ‘आंखूड’, ‘मध्यम’, ‘उंच’ असे शब्द कोरलेले असतात, त्यांवरहि फार विसंबूं नये. कारखान्यांत बसून ते शब्द कोरणाऱ्यानें ह्या हॉटेलचा गालिचा पाहिलेला नसतो.

दुसरा प्रकार तरंगत्या तोंडाचा. यांत कळ नाहीं, बटण नाहीं; तोंड मोकळ्या सांध्यावर बसविलेलें असून लवेच्या उंचीप्रमाणें तें आपोआप वरखालीं होतें. अमेरिकेंत ओरेक कंपनीचीं हलकीं यंत्रें या तऱ्हेचीं असून हॉटेलांतून त्यांचा पुष्कळ प्रसार झाला, आणि त्याचें कारण उघड आहे: हलकें यंत्र जिन्यावरून वाहून न्यायला सोपें आणि शिकवावें असें त्यांत कांहीं नाहीं. आंखूड व मध्यम लवेवर हा प्रकार उत्तम चालतो. अति मऊ व दाट लवेवर मात्र यंत्राचें तोंड आपल्याच ओढीनें खालीं बसतें, ढकलणें जड होतें, आणि तें वर उचलण्याचा उपाय चालविणाऱ्याच्या हातीं उरत नाहीं. स्वयंचलित म्हणजे सर्वज्ञ नव्हे, हें येथें दिसून येतें.

तिसरा प्रकार विजेच्या बुद्धीचा. जर्मनीतील सेबो कंपनीच्या ‘ऑटोमॅटिक एक्स’ जातीच्या यंत्रांत ब्रशावर किती भार पडतो याची नोंद यंत्र स्वतः घेतें व त्याप्रमाणें तोंडाची उंची बदलतें. ब्रश झिजला किंवा अडला तर दिवा लावून इशारा देण्याचीहि सोय त्यांत आहे. काम नेटकें होतें. पण किंमत चढी असते, आणि असें नाजूक अंग बिघडलें तर तें दुरुस्त करणारा जाणता माणूस गांवांत आहे कीं नाहीं, याची चौकशी खरेदीपूर्वींच करावी.

मग निवड कशी करावी? एकाच जातीचा आंखूड गालिचा आणि वर्षानुवर्षें टिकणारी नोकरमंडळी असेल, तर पायकळीचें यंत्र घ्यावें, योग्य पायरी एकदां ठरवावी व तेथें रंगाची खूण करावी. जास्त पैसे घालण्याचें कारण नाहीं. गालिचे नाना तऱ्हेचे आणि माणसें दर महिन्याला बदलणारीं असतील, तर आपोआप जुळणारें यंत्र घेणेंच शहाणपणाचें. गादीसारखे मऊ गालिचे असतील तर मात्र तोंड पुरेसें वर उचलतां येतें कीं नाहीं हें आधीं पाहावें. अमेरिकेंतील डाल्टन येथील कार्पेट अँड रग इन्स्टिट्यूट ही संस्था यंत्रें तपासून पसंतीची मोहर देते. त्या तपासणींत रेती किती निघाली एवढेंच न पाहतां गालिच्याचें रूप किती टिकलें हेंहि पाहतात. ती मोहर अवश्य पाहावी, पण दुकानांतल्या गुळगुळीत तुकड्यावर यंत्र चालवून समाधान मानूं नये. यंत्र आपल्या गालिच्यावर, आपल्या माणसाच्या हातीं निदान एक दिवस द्यावें, आणि संध्याकाळीं त्या माणसाला विचारावें. हा प्रश्न विचारणारे व्यवस्थापक थोडे असतात.

आपल्याकडे घरांतून लादी आणि फरशी असल्यामुळें हें उभें यंत्र फारसें दिसत नाहीं. मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत व वातानुकूलित कचेऱ्यांत मात्र गालिचे आहेत, आणि तेथें झाडलोट बहुधा मक्त्यानें दिलेली असल्यामुळें यंत्र चालविणारे हात वारंवार बदलतात. वर सांगितलेला दुसरा विचार तेथें अधिक लागू पडतो.

पायरीच्या यंत्राची उंची लावण्याची रीत सोपी आहे. प्रथम तोंड सर्वांत वरच्या पायरीवर ठेवून यंत्र सुरू करावें आणि एकेक पायरी उतरवीत जावें. ब्रश लवेला लागला कीं आवाज किंचित् जाड होतो, तेथें थांबावें. हातांना ओढ बसूं लागली किंवा मोटर कण्हूं लागली, तर एक पायरी परत वर घ्यावी. महिन्यांतून एकदां यंत्र बंद करून, तार काढून, उलटें करावें, ब्रशाभोंवतीं गुंडाळलेले केस व दोरे कात्रीनें कापून टाकावे, आणि एक जाड कागद तळाच्या धातूच्या पट्टीवर आडवा धरून ब्रश हातानें फिरवून पाहावा. ब्रशाचे केस कागदाला लागत नसतील, तर ब्रश झिजला असें समजून नवा बसवावा.