हाक मारली तर यावं कशाला?



कुत्र्याशी बोलायला मराठी माणसाला तीन शब्द पुरतात. अंगावर सोडायचं असेल तर 'छू', हाकलायचं असेल तर 'हाड' आणि जवळ बोलवायचं असेल तर 'यू, यू'. पहिले दोन शब्द कुत्र्याला फारसे शिकवावे लागत नाहीत. तिसरा मात्र काही कुत्री जन्मभर शिकत नाहीत, अशी माझी समजूत होती. ती माझ्याच कुत्र्यानं खोटी ठरवली.

मी जत तालुक्यातल्या एका गावात शिक्षक होतो. आमच्या भागात कारवानी कुत्री पूर्वीपासून पाळतात. लांबट तोंड, आत ओढलेलं पोट, उंच सडपातळ पाय. शेजारच्या कर्नाटकात मुधोळच्या नावावरून त्याला मुधोळ हाउंड म्हणतात. २००५ साली टपाल खात्यानं चार भारतीय जातींच्या कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यांत हा मुधोळ होता. पाहुण्यांकडून मी असं एक पिल्लू आणलं. रंग हरणासारखा, म्हणून नाव ठेवलं हरण्या.

हरण्या घरात अगदी गरीब. पण मोकळ्या माळावर सोडला, की त्याला मी परका! मी 'यू, यू' करून घसा कोरडा करावा आणि त्यानं एक कान माझ्याकडे वळवून पुन्हा आपल्या वाटेनं जावं. ऐकू येत नव्हतं असं नाही. ऐकून तो नको म्हणत होता.

तुम्ही म्हणाल, कुत्रंच अडाणी असेल. तसं नाही. मेंढ्या वळणारं विलायती कुत्रं धन्याच्या इशाऱ्याकडे बघत काम करतं. धन्याचं ऐकणं हाच त्याचा धंदा. कारवानी हा नजरेनं शिकार करणारा कुत्रा. ससा दिसला की तो सुटतो आणि क्षणात धन्याच्या हाकेपलीकडे जातो. वळायचं कुठं, झडप कधी घालायची, हे त्याचं त्यानंच ठरवायचं. पिढ्यान्‌पिढ्या माणसानंच अशी स्वतः ठरवणारी कुत्री निवडून वाढवली. आता १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ती शिकार बंद झाली, पण रक्तातला स्वभाव कुठं जाणार? स्टॅन्ली कोरेन या मानसशास्त्रज्ञानं १९९४ साली आज्ञापालनाच्या स्पर्धांमधल्या परीक्षकांना विचारून कुत्र्यांच्या जातींची क्रमवारी लावली. तिच्यात अगदी शेवटी आला अफगाण हाउंड, तोही नजरेनं शिकार करणारा. म्हणजे ढ नव्हे, स्वतंत्र.

हरण्या अकरा महिन्यांचा असतानाची गोष्ट. थंडीचे दिवस, ऊसवाहतूक जोरात. संध्याकाळी फिरायला गेलो आणि माळावर त्याला मोकळा सोडला. समोरून ससा उठला. ससा डांबरी रस्त्याच्या दिशेनं, त्याच्या मागं हरण्या, त्याच्या मागं ओरडत मी. रस्त्यावर ट्रकचा करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला. माझे पायच गळाले. ट्रकवाल्यानं शिव्या दिल्या, त्या मी ऐकून घेतल्या. कुत्रं वाचलं होतं.

अर्ध्या तासानं ते धापा टाकत, शेपूट हलवत माझ्याकडे आलं. मी काय केलं? हातातल्या पट्ट्यानं त्याला फोडून काढलं. भीती होती, ती रागानं बाहेर पडली.

त्या दिवसापासून हरण्या माझ्यापासून दहा पावलांवर थांबायला लागला. हाक मारली की यायचा, दहा पावलांवर उभा राहायचा आणि माझ्या हाताकडे बघायचा. मी एक पाऊल पुढं टाकलं, की तो एक पाऊल मागं.

आमच्या शेजारी मेंढरं राखणारे एक तात्या होते. ते हे रोज बघत. एकदा म्हणाले, "गुरुजी, पळालं तवा तुमाला मारता आलं न्हाई. परत आलं तवा मारलंसा. मग ते परत कशाला यील?"

मी गप्प झालो. कुत्रं शिक्षेचा संबंध अर्ध्या तासापूर्वीच्या चुकीशी लावत नाही, आत्ता जे केलं त्याच्याशी लावतं. हरण्यानं आत्ता केलं होतं ते एवढंच, की तो परत आला होता. आणि मला वर्गातला एक मुलगा आठवला. आठवडाभर शाळा बुडवून आला, म्हणून मी त्याला छड्या दिल्या होत्या. तो पुन्हा आलाच नाही. मी मात्र हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा करत राहिलो.

मग मी पहिल्यापासून सुरुवात केली. 'यू, यू' हा शब्द माझ्या हातून नासला होता. तो सोडून दिला आणि शिट्टी धरली. मटणाच्या दुकानातून कलेजी आणून उकडायची, हरभऱ्याएवढे तुकडे करायचे. घरातल्या घरात दोन पावलांवरून शिट्टी वाजवायची आणि तुकडा द्यायचा. जेवणाआधी, दिवसातून पाच-सात वेळा. कुठल्याही परिस्थितीत रागवायचं नाही. घरात जमलं की अंगणात, अंगणात जमलं की माळावर. माळावर मात्र तीस फुटांचा हलका दोर बांधून. दोर छातीवरच्या पट्ट्याला, गळ्याला नव्हे. या जातीचं डोकं निमुळतं, गळपट्ट्यातून ते सहज निसटतं आणि धावताना हिसका बसला तर मान दुखावते.

काही नियम मी स्वतःसाठी केले. शिट्टी एकदाच वाजवायची. दहा वेळा वाजवली, तर पहिल्या नऊ ऐकायच्या नसतात हेच आपण शिकवतो. येण्याची खात्री नसेल तेव्हा वाजवायचीच नाही. आंघोळ घालायला, औषध पाजायला बोलवायचं नाही, आपण जाऊन आणायचं. आला की पट्ट्याला हात लावायचा, तुकडा द्यायचा आणि पुन्हा खेळायला सोडायचा. हाक म्हणजे मजा संपली, असं त्याला वाटता कामा नये. तो येत नसेल तर मागं धावायचं नाही, पाठ फिरवून उलट्या दिशेनं पळायचं. पळणाऱ्याच्या मागं लागणं त्याच्या रक्तातच आहे!

पक्कं जमल्यावर बक्षीस कमी-जास्त केलं. कधी एक तुकडा, कधी नुसती शाबासकी, कधी मूठभर कलेजी. बक्षिसाचा नेम नसला की सवय अधिक टिकते, हे स्किनर या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या प्रयोगांतून फार पूर्वीच दिसलं आहे.

दहा पावलांची सहा झाली, सहाची तीन. साधारण चार महिन्यांनी एका सकाळी हरण्या सरळ आला आणि माझ्या मांडीला डोकं घासून उभा राहिला. मी तुकडा द्यायचा विसरलो.

पुढच्या थंडीत, त्याच माळावर, पुन्हा ससा उठला. पण आता मी शिकलो होतो. हरण्याचे कान उभे राहिले, अंग ताठ झालं, तोच मी शिट्टी वाजवली. तो सुटल्यावर वाजवली असती, तर उपयोग नव्हता. त्यानं सशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग तो वळला आणि माझ्याकडे आला. खिशातली सगळी कलेजी मी त्याच्यापुढं ओतली.

तो दर वेळी असा आला का? नाही. दहांतून आठ-नऊ वेळा यायचा. म्हणून रस्त्याजवळ मी त्याला कधीच मोकळा सोडला नाही, आणि तुम्हीही सोडू नका. असं कुत्रं पाळायचं, तर एवढं ओळखून असावं.

शेवटची दोन वर्षं त्याला ऐकू कमी येई. शिट्टी त्याच्यापर्यंत पोचत नसे. मग मीच त्याच्याजवळ जाऊन बसायचो. खिशात तुकडा असायचाच.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)